शिवसागरात कयाक: आधी 'उतरायचं कुठे' ते लेखी घ्या

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळ्याहून बामणोली, तिथून पुढे मेट इंदवलीकडे, दोघंच, गाईडशिवाय, हवेची कयाक (हवा भरून फुगवायची, वल्ह्याने चालवायची छोटी होडी), रात्री पलीकडच्या काठावर तंबू, आणि 'परवानगीचं तोंडी बोलणं झालंय', असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचून राहवलं नाही. मी साताऱ्याचाच. सहा वर्षांपूर्वी घरी हेच सांगून निघालो होतो.

लाईफ जॅकेट, कोरड्या पिशव्या वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

आम्ही एका कचेरीत तीन खेपा घातल्या. एक टेबल म्हणालं पाणी आमचं नाही, दुसरं म्हणालं काठ आमचा नाही. तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी मान डोलावली, "जा, हरकत नाही." आम्ही खूश. अर्ज दिला नाही, पोच घेतली नाही. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

जानेवारी होता. सकाळी पाणी आरशासारखं. अकरानंतर वारा सुटला आणि लाटा आडव्या यायला लागल्या. हवेची कयाक पाण्यावर उंच तरंगते, वारा तिला पानासारखी ढकलतो. हात भरून आले म्हणून पश्चिमेच्या काठाला लागलो, नुसते बसलो. अर्ध्या तासात गार्ड आले. तो काठ कोयना अभयारण्याचा, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, परवानगीशिवाय पाय ठेवला की गुन्हा. पंचनामा, जबाब, कयाक जमा. कचेरीत गेलो तर तेच साहेब म्हणाले, "मी असं कधी म्हणालो?" साडेचार महिने फेऱ्या मारल्या. गार्डांबद्दल माझी तक्रार नाही, ते त्यांचं काम चोख करत होते. राग त्या मान डोलावण्याचा आहे, आजही आहे.

म्हणून 'कयाक चालवू का' एवढंच विचारू नका. 'कुठे उतरू, कुठे उतरायचं नाही, वाऱ्यात अडकलो तर कोणता काठ' हे अर्जात लिहा, कचेरीकडून त्यावर आवक क्रमांक घालून घ्या, शिक्क्याची पोच घ्या. पाण्याचं खातं आणि जंगलाचं खातं, दोन्हीकडे वेगवेगळा अर्ज. उत्तर लेखी आलं नाही तर जाऊ नका, माझं मत असं स्पष्ट आहे. नियम बदलतात, मी वकील नाही, तेव्हा यंदाचे नियम तिथेच विचारा. तंबूचा बेत तर आत्ताच सोडा. पलीकडच्या वासोटा किल्ल्यावर बामणोलीतून परवानगी काढून लाँचने जाणाऱ्यांनाही संध्याकाळपर्यंत परत यावंच लागतं. त्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत.

आणखी एक, याला नदी समजून येऊ नका. हा धरणाचा फुगवटा. प्रवाह पुढे नेत नाही, प्रत्येक वल्हं स्वतःच्या दमावर. पावसाळ्यानंतर १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास भरलेलं धरण वीज आणि सिंचनासाठी मेपर्यंत उतरत जातं. तेव्हा काठाला गाळ उघडा पडतो, आम्ही एकदा एप्रिलमध्ये गुडघाभर रुतलो होतो. बुडालेल्या झाडांचे बुंधेही वर येतात, हवेच्या कयाकला एक पुरतो. माझ्या मते डिसेंबर-जानेवारी, पहाटे निघायचं, अकराच्या आत बामणोलीच्या काठाला. लाँचवाल्याला निघण्याची वेळ आणि नंबर देऊन ठेवा, पाण्यात मध्येच फोनची रेंज जाते.

सरावासाठी सांगलीकडे कृष्णेत उतरायचा विचार असेल तर भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात नको, तिथे मगरी आहेत. मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्याजवळही जाऊ नका.

माझा नंतरचा अर्ज, ज्यावर शिक्का मिळाला, जपून ठेवलाय. पाहिजे तर मजकूर टाकतो, नाव-पत्ता तेवढं बदला.