डोंगरमाथ्यावरची धूळ गोळा करून भूशास्त्रज्ञांना मिळतं तरी काय?

तुम्ही विचारलंय की खडकांचा अभ्यास करणारी माणसं एवढ्या उंचावर जाऊन धूळ कशाला गोळा करतात, आणि त्यावर पैसा का घालवायचा. मी स्वतः भूशास्त्र शिकलेय. धूळ म्हणजे नमुन्यावरून झटकून टाकायची गोष्ट, असंच मलाही बरीच वर्षं वाटायचं. मत बदललं ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या युइंटा पर्वतरांगेबद्दल वाचल्यावर.

ही रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. सर्वांत उंच शिखर किंग्ज पीक, ४,१२३ मीटर. गाभा वालुकाश्माचा आणि क्वार्ट्झाइटचा (वालुकाश्मच, पण घट्ट होऊन कठीण झालेला), म्हणजे बहुतेक सगळी सिलिका, वाळूचं मूळ द्रव्य. असा खडक झिजला की हाती येते खरखरीत वाळू. चुना त्यात नावालाच. पण जिथून वर झाडं वाढत नाहीत त्या रेषेच्या वर, गवताखालची माती बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ लागते आणि तिच्यात कॅल्शियमही सापडतं. खालच्या खडकाची ती असूच शकत नाही. मग आली कुठून?

मिडलबरी कॉलेजचे भूशास्त्रज्ञ जेफ्री मन्रो यांनी हा प्रश्न धरून ठेवला आणि वाऱ्याने येणारी धूळ पकडायला डोंगरावर सापळे लावले. सापळ्याची युक्ती मला फार आवडते. पसरट भांडं आणि त्यात काचेच्या गोट्या! धूळ गोट्यांच्या फटींत उतरते आणि वाऱ्याला पुन्हा उचलता येत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मॅरिथ रेहाइस यांनी १९८४ पासून नेव्हाडा आणि कॅलिफोर्नियात अशीच भांडी खांबांवर बसवली होती, तीही चक्क केक भाजायची. नंतर गोट्या धुवायच्या, पाणी आटवायचं, तळाशी उरेल ते तोलायचं. त्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण पाहिलं की धूळ कुठल्या भागातली, याचा माग लागतो. युइंटाच्या बाबतीत तो पश्चिमेच्या कोरड्या खोऱ्यांकडे जातो.

चौरस मीटरला वर्षाला ४ ग्रॅम पडतात असं धरून चला. १०,००० वर्षांत ४० किलो होतात, म्हणजे साधारण ३ सेंटीमीटरचा थर. उघड्या खडकावर गवत रुजायला तेवढा थर म्हणजे केवढा आधार!

आता पैशाचं. शेजारच्या कोलोरॅडोत हिवाळ्याच्या शेवटी बर्फात खड्डा खणला तर पांढऱ्या भिंतीत तांबूस पट्टे दिसतात. धुळीच्या एकेका वादळाचा एकेक पट्टा. वरचं बर्फ वितळत जातं तसे हे पट्टे पृष्ठभागावर एकत्र येतात, बर्फ काळवंडतं, ऊन परतवण्याऐवजी शोषून घेतं आणि काही आठवडे आधीच वितळतं. जमीन लवकर उघडी पडते, झाडं लवकर पाणी ओढू लागतात. २०१० च्या एका अभ्यासाप्रमाणे यामुळे कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यातलं वार्षिक पाणी सुमारे ५ टक्क्यांनी घटतं. या नदीवर सुमारे ४ कोटी माणसं अवलंबून आहेत.

त्याच भागातल्या सान हुआन डोंगरांतल्या तळ्यांच्या गाळाने आणखी एक गोष्ट दाखवली. एकोणिसाव्या शतकात तिथे वसाहती आणि गुरं वाढली, आणि धूळ पूर्वीच्या पाचपटीहून जास्त झाली. १९३४ मध्ये चराईवर कायद्याने बंधन आलं, त्यानंतरच्या थरांत ती कमी झालेली दिसते. मला ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण गुरांच्या खुरांखाली मोडलेली जमीन कुठे आणि तिची नोंद ठेवणारं तळं कुठे!

आपल्याकडेही पावसाळ्याआधीच्या महिन्यांत थरच्या वाळवंटातली धूळ पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर हिमालयाच्या बर्फावर जाऊन बसते. मे महिन्यात हिमाचलात गेलात आणि जुनं, मळकट दिसणारं बर्फ भेटलं, तर मूठभर घेऊन पांढऱ्या रुमालावर वितळू द्या. पाणी निथळल्यावर जो तपकिरी डाग उरेल, तो जरा निरखून बघा.