काळा टीशर्ट घातलास की लोक बोलणारच
भावा, मेटल (जोरदार गिटारचं रॉक संगीत) ऐकायला लागलास, केस वाढवलेस, मग कुडाळच्या स्टँडवर कोणीतरी 'पोरगा वाया गेला, गांजा ओढत असणार' म्हणणारच, त्यांच्याशी वाद घालत बसू नको. घरच्यांना मात्र नीट सांग. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा कारखान्यातला पोरगा, १९६५ला मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली तरी बोटांना प्लास्टिकच्या टोप्या बनवून, डावखुरा असल्याने त्याच उजव्या हाताने तारा दाबत गिटार वाजवत राह्यला, हे ऐकलं की आजोबा लोक जरा नरम पडतात (आमचे तरी पडले). आणि डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) असेल तिथे पण जाऊन बस रे, पखवाज तापला की काय आवाज येतो! फक्त डीजेवर नाचणाऱ्या पोरांना तू येडे म्हणू नको, शिमग्यात पालखी तीच नाचवतात.