वेल्डिंग कुठे शिकायचे? आधी रॉड मोजा

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. वेल्डरच व्हायचे म्हणतो. आम्ही डिचोलीला राहतो. सरकारी आयटीआयला घालावे, की एका खासगी संस्थेचा तीन महिन्यांचा कोर्स बरा? त्या संस्थेची इमारत छान आहे, वर्ग वातानुकूलित आहेत. नेमके काय बघून ठरवायचे?
— एक पालक

उत्तर : वातानुकूलित वर्गात वेल्डिंग होत नाही, तेव्हा तो मुद्दा सोडून द्या. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. आठवी पास चालते. तुकडी वीस जणांची. गॅस, हाताचे आर्क (विजेच्या ज्योतीत रॉड वितळवून), सीओटू म्हणजे गॅसच्या आडोशाने सरकत्या तारेचे, बोलीत मिग, आणि टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने होणारे बारीक काम) हे सारे अभ्यासक्रमात आहे. परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र पुढे कंपनीत ट्रेड अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून लागताना कामाला येते. तीन महिन्यांच्या कागदाला ते वजन नाही. वय सोळा-सतरा असेल आणि घरची अगदीच ओढाताण नसेल, तर आयटीआयच घ्या. कोणत्या आयटीआयला कोणता ट्रेड आहे हे गोव्याच्या कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत असते. खासगी आयटीआय असेल तर मान्यता संस्थेला आहे की वेल्डर ट्रेडच्या त्या तुकडीला आहे, हे वेगळे विचारा.

पण दोन आयटीआय सारख्या नसतात. म्हणून अर्ज भरण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास वर्कशॉपमध्ये जा. बूथ किती आहेत हे मोजू नका, आर्क किती ठिकाणी पेटलेला आहे ते मोजा. दहा बूथ आणि चार मशीन चालू, म्हणजे एका मशीनमागे पाच मुले. एक जण वेल्डिंग करतो, चौघे बघतात. बघून हात बसत नाही.

मग स्टोअरकीपरला एकच प्रश्न विचारा : हाताच्या आर्कचे शिक्षण चालू असताना महिन्याला रॉड किती किलो लागतात? उत्तर आले की हिशेब मांडा. 3.15 मिमी जाडीचा, 350 मिमी लांबीचा साधा 6013 (हा रॉडच्या जातीचा नंबर) रॉड किलोला तीस-पस्तीस बसतो. हात बसायला सुरुवातीला रोज पंधरा तरी रॉड जाळायला हवेत. वीस मुलांचे तीनशे झाले, म्हणजे दिवसाला नऊ-दहा किलो आणि महिन्याला दोनशेच्या आसपास. कोणी ‘पंचवीस किलो’ म्हणाला, तर तुमच्या मुलाच्या वाट्याला दिवसाला दोन रॉडसुद्धा येत नाहीत. या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नसते, म्हणून तो समोरासमोरच विचारायचा.

त्यानंतर भंगाराचा ड्रम बघा. चांगल्या वर्कशॉपमध्ये त्यात कापलेले, वाकवलेले, मधोमध मोडलेले जॉब, म्हणजे मुलांनी वेल्ड केलेले तुकडे सापडतात. वरून बीड, म्हणजे वेल्डची रेघ, कितीही देखणी दिसो, आत स्लॅग (वितळलेल्या आवरणाचा मळ) अडकला आहे का, मुळाशी धातू वितळून एकजीव झाला आहे का, हे तुकडा मोडल्याशिवाय कळत नाही. दहा मिमीच्या दोन प्लेटना मिळून साठ अंशांची ‘व्ही’ काढायची, खाली अडीच-तीन मिमी फट ठेवायची, वेल्डिंग करायचे, पट्ट्या कापायच्या आणि एक मुळाकडून, एक तोंडाकडून वाकवायची. हे प्रत्येक मुलाकडून करून घेतात का ते विचारा. नुसती ‘जॉबची वही’ दाखवली तर समजून जा.

आणखी एक वस्तू शोधा : रॉड भाजायची भट्टी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की उघडे पाकीट एका रात्रीत दमट होते. 7018 हा कमी हायड्रोजनचा रॉड. जाड प्लेट, जहाज आणि प्रेशरच्या (दाबाखालच्या पाइप-टाक्यांच्या) कामाला तोच लागतो. त्याच्या आवरणात पाणी शिरले की वेल्डमध्ये हायड्रोजन जातो. आधी बारीक छिद्रे पडतात, आणि कडक किंवा जाड पोलादात काम थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. म्हणून तो 300 ते 350 अंशांना एक-दोन तास भाजून गरम पेटीतून एकेक काढून वापरायचा. 6013ला मात्र एवढे तापवू नये. त्याच्या आवरणाला थोडा ओलावा लागतोच, तो शंभरेक अंशांना सुकवला की पुरे. भट्टी आहे पण प्लग काढून तिच्यावर फाइली रचल्या आहेत, असेही दिसू शकते.

निदेशकाने स्वतः होल्डर हातात घेऊन उभे वेल्डिंग करून दाखवले, तर इमारत कशी आहे हे बघूसुद्धा नका, तिथेच घाला.

प्रश्न : पंचेचाळीस दिवसांत ‘सिक्स-जी’ सर्टिफिकेट आणि आखातात नोकरीची हमी, अशी जाहिरात पाहिली. फी मोठी आहे. मी नववी शिकलो आहे, वेल्डिंगचा अनुभव नाही. जावे का?
— एक तरुण, काणकोण

उत्तर : नको, निदान आत्ता नको. सिक्स-जीमध्ये पाइप 45 अंशांत तिरपा आवळलेला असतो, फिरवता येत नाही. वेल्डरला खालून, बाजूने आणि वरून, सगळ्या कोनांत स्वतः फिरावे लागते. बहुधा पहिला पास, म्हणजे मुळाचा थर (रूट), टिगने करतात आणि वरचे 7018ने भरतात. सपाट प्लेटवर हात न बसलेला माणूस पाइपच्या तळाशी अडकतो. तिथे रूट आत ओढला जातो किंवा एका कडेला धातू धरतच नाही, आणि क्ष-किरण फोटोत ते उघडे पडते. ज्याने उभ्या आणि डोक्यावरच्या प्लेटवर काही महिने काढले आहेत, त्याला असा दीड महिन्याचा सराव उपयोगी पडतो.

आता सर्टिफिकेटचे. पाइपिंगच्या कामाला बहुधा ‘एएसएमई सेक्शन नऊ’ ही अमेरिकन संहिता लावतात. तिच्यानुसार वेल्डरची पात्रता तपासायची जबाबदारी काम करणाऱ्या कंपनीची असते. संस्थेने दिलेला सिक्स-जीचा कागद दाखवला तरी कंपनी पुन्हा चाचणीचा तुकडा वेल्ड करायला लावते. एखादी प्रक्रिया सहा महिने वापरली नाही, तर तिची पात्रताही संपते. जहाजाच्या कामात परीक्षा जहाजाचा दर्जा तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेच्या, म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थेच्या सर्व्हेयरसमोर होते. म्हणजे फी कागदाची देऊ नका, सरावाच्या पाइपची द्या. किती तुकडे मिळणार, कोणत्या व्यासाचे, किती जाडीचे, आणि त्यातल्या कितींचा फोटो काढणार, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कांकू केली तर उठून या.

तुमच्या बाबतीत पासपोर्टचाही प्रश्न आहे. दहावी नसेल तर साधारणपणे ‘ईसीआर’ (परदेशगमन तपासणी आवश्यक) पासपोर्ट मिळतो आणि आखाती देशांत कामाला जाताना सरकारची एमिग्रेशन, म्हणजे परदेशगमनाची मंजुरी लागते. एजंट ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते बघा. त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये सेवाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्यापलीकडे मागितले तर ते बेकायदा. तेव्हा आधी आयटीआयला जा आणि ते वर्ष चालू असताना दहावी बाहेरून देऊन टाका, एजंटाला देण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

प्रश्न : वय एकतीस. कुंडईजवळच्या शेडमध्ये आठ वर्षे गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड असे काम करतो. सर्टिफिकेट नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शिपयार्डच्या ठेकेदाराकडे जायचे तर वर्षभर आयटीआय करावे लागेल का?
— एक वेल्डर, म्हार्दोळ

उत्तर : ठेकेदाराकडे आधी ट्रेड टेस्ट, म्हणजे काम करून दाखवायची परीक्षा होते, कागद नंतर बघतात. ग्रिलवाल्यांचा हात बहुतेक एकाच जागी अडखळतो. आठ वर्षे दोन-तीन मिमीच्या नळ्या आणि पट्ट्या जोडल्या, त्यात रूट भरायची वेळच आलेली नसते. बीड सुबक येते, पण जाड प्लेटमध्ये मुळापर्यंत पोचत नाही. पूर्ण वर्ष घालवू नका. संध्याकाळची किंवा रविवारची बॅच देणारी जागा शोधा. तिथे 7018ने दहा-बारा मिमी प्लेटवर थ्री-जी (उभे) आणि फोर-जी (डोक्यावरचे), आणि 1.2 मिमी फ्लक्स-कोअर्ड (आत फ्लक्सची पूड भरलेल्या) वायरवर सीओटू, एवढेच मागा. शिपयार्डच्या कामात हाताच्या रॉडबरोबर वायरही चालते.

चुका बहुधा ठरलेल्या असतात. साध्या ट्रान्सफॉर्मरची सवय असेल तर डीसीवर होल्डर पॉझिटिव्हला लावायला विसरतो. उभ्या कामात अँपिअर तेवढेच ठेवले की धातू ओघळतो. आणि 7018चा आर्क 6013सारखा लांब धरला की छिद्रे येतात. सीओटूवर असाल तर वेल्डिंगच्या जागेकडे तोंड करून पंखा लावू नका. मे महिन्याच्या उकाड्यातही नको, वाऱ्याने गॅस उडतो आणि वेल्डला चाळणी होते. झालेले कौशल्य तपासून सरकारी प्रमाणपत्र देणारी ‘आरपीएल’ योजना आहे, तिची चौकशी आयटीआयमध्ये करा. ट्रेड टेस्टला तिने माफी मिळत नाही, पण बायोडेटात एक ओळ वाढते.

प्रश्न : मुलगी वेल्डर ट्रेड घ्यायचे म्हणते. आयटीआयमध्ये त्या तुकडीत एकही मुलगी नाही. घालू का?
— एक आई, वाळपई

उत्तर : घाला. टिगच्या बारीक कामाला ताकद लागत नाही, स्थिर हात लागतो. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी बघा : वर्कशॉपच्या जवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा, लहान मापाचे चामडी हातमोजे, आणि सुटल्यावर वाळपईची बस. हेल्मेटची काच हाताच्या आर्कला दहा किंवा अकरा नंबरची हवी, तडा गेलेली काच पहिल्याच दिवशी बदलून मागायची. नायलॉन-पॉलिएस्टरचा ड्रेस नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. पँट बुटात खोचू नये, बुटावरून खाली सोडावी, नाहीतर ठिणगी थेट आत जाते.