कोरिदो म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझा कॉलेजातला मुलगा सारखी पेसो प्लुमा या मेक्सिकन गायकाची गाणी ऐकतो, म्हणतो हे कोरिदो आहेत, मेक्सिकोचे पोवाडे. खरंच का?

उत्तर : बऱ्यापैकी खरं आहे हो! कोरिदो म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, साधारण चार-चार ओळींची कडवी, सुरुवातीलाच कुठे-कधी घडलं ते सांगायचं आणि शेवटी गायक ऐकणाऱ्यांचा निरोप घेतो. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीत व्हिया, झपाटा या क्रांतिकारी नेत्यांवर ढिगाने कोरिदो झाले, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी हाच पेपर.

मला सगळ्यात भिडतो तो ग्रेगोरिओ कोर्तेझचा. १९०१, टेक्सस. शेरीफच्या (तिथल्या पोलीसप्रमुखाच्या) माणसाने कोर्तेझला विचारलं घोडा अदलाबदलीत दिलास का, हा म्हणाला नाही, कारण त्याने दिली होती घोडी, आणि स्पॅनिशमध्ये दोन्हींना वेगळे शब्द, दुभाष्याला ते कळलंच नाही, गोळीबार झाला, याचा भाऊ जखमी, याच्या गोळीने शेरीफ मेला आणि मग शेकडो लोक याच्या मागे दहा दिवस. सीमेवरच्या लोकांनी त्याला गाण्यात हिरो केलं, १९१३ मध्ये शिक्षेतून माफीही मिळाली.

आताचे ते 'कोरिदोस तुम्बादोस', त्यात ट्रॅपचा (हिप-हॉपचा एक प्रकार) ठसका, पण गिटार आणि ट्रॉम्बोन अस्सल. २०२३ मध्ये पेसो प्लुमा आणि एस्लाबोन आर्मादो या बँडचं 'एया बाइला सोला' बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथं आलं, ते मात्र कोरिदो कमी आणि प्रेमगीत जास्त. काही गाण्यांत ड्रग माफियांचं कौतुक असतं, ते मला अजिबात पटत नाही. मुलाला कोर्तेझचा कोरिदो नक्की ऐकवा.