वाचकांचे प्रश्न : हॅलोविनचा विडंबन अंक

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतले चौघे जण मिळून हॅलोविनसाठी जुन्या भयपटांच्या विडंबनाचं २४ पानी कॉमिक काढतोय. गोष्टी तीन आहेत. कच्चा अंक वाचून मित्रांना ना भीती वाटली, ना हसू आलं. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक वेळा चित्र पहिल्या चौकटीपासूनच विनोदी असतं, ही पहिली चूक. बटबटीत डोळ्यांचं भूत आधीच दिसलं, तर वाचक घाबरणार कधी आणि फसणार कधी? ईसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या भयकथांची चित्रं काढणारे जॅक डेव्हिस यांनीच १९५२ साली 'मॅड' या विनोदी कॉमिकच्या पहिल्या अंकात भयकथेचं विडंबन काढलं. दोन्हीकडे हात एकच, सावल्याही तितक्याच गडद. तेव्हा सात पानी गोष्टीतली पहिली चार पानं पूर्ण गंभीरपणे काढा. 'नोस्फेराटू' या पिशाच्चाच्या जुन्या मूकपटातली जिना चढणारी लांब नखांची सावली मूळच्या धाकानेच येऊ द्या. दार उघडल्यावर पिशाच्च नेलकटर मागू दे.

दुसरी चूक पानांच्या मांडणीत. धक्का पान उलटल्यावरच बसतो, म्हणजे तो सम क्रमांकाच्या, डावीकडच्या पानावर हवा. समोरच्या पानावर असेल तर नजर आधीच तिथे पोचते आणि गंमत जाते. पान १ वर निवेदक (गोष्टींची ओळख करून देणारं पात्र), २ ते ८ पहिली गोष्ट, ९ वर पुन्हा निवेदक, १० ते १६ दुसरी, १७ वर निवेदक, १८ ते २४ तिसरी, असं बसवा. प्रत्येक गोष्ट डावीकडे सुरू होते आणि तिचं तिसरं, पाचवं, सातवं पान धक्क्यासाठी मिळतं. मध्येच एक जाहिरात घुसवलीत की पुढचे सगळे धक्के उजवीकडे सरकतील. जाहिराती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आणि मलपृष्ठावर घ्या.

प्रश्न : कोणते चित्रपट बिनधास्त घेता येतील?

उत्तर : अमेरिकेत 'नोस्फेराटू' (१९२२) स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) सुद्धा, कारण नाव बदलताना प्रतींवरची स्वामित्वहक्काची ओळच गळली. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाबाबत मात्र जपा. मेरी शेलींची १८१८ची कादंबरी सर्वांना खुली आहे, पण सपाट डोकं आणि मानेतले खिळे १९३१च्या युनिव्हर्सलच्या चित्रपटातले, जॅक पिअर्स यांच्या रंगभूषेतले. कादंबरीतला राक्षस पिवळ्या कातडीचा, लांब काळ्या केसांचा आणि मोत्यासारख्या दातांचा आहे. तोच काढा, नवा वाटेल. ड्रॅक्युलाचंही तसंच : १८९७च्या कादंबरीत तो दिवसाढवळ्या हिंडतो, उन्हाने पिशाच्च मरतं ते 'नोस्फेराटू'मध्ये. विनोदाला यात भरपूर वाव आहे.

प्रश्न : रात्रीची काळी पानं छापल्यावर करडी का दिसतात?

उत्तर : मोठ्या भागात नुसती काळी शाई फिकी पडते. तिथे छपाईच्या चारही शाया मिसळा : सायन (निळसर) ६०, मजेंटा (गुलाबीसर) ४०, पिवळा ४०, काळा १०० टक्के द्या. संवादांच्या फुग्यांतली अक्षरं मात्र नुसत्या काळ्यातच ठेवा, नाहीतर रंग किंचित सरकला तरी कडा फाटल्यासारख्या दिसतात. चारही रंग पूर्ण भरू नका, शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर डाग उमटतो.