आउटबोर्ड इंजिन पूर्ण थ्रॉटलला पाच मिनिटांत दम का सोडतं?

तुम्ही लिहिलंय की कमी रेसवर आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन) तासभर छान चालतं, पूर्ण थ्रॉटल दिला की पाच-सात मिनिटांत दम सोडतं आणि प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या पाईपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबत राहिलं की पुन्हा उचल घेतं. प्लग बदलले, कार्ब्युरेटरही साफ केला. आता इंजिन आणखी खोलू नका. बल्ब दाबून सुधारतं, म्हणजे स्पार्क ठीक आहे, पेट्रोल पुरत नाहीये.

आधी बिनखर्चाचं करून बघा. इंजिन अडखळलं की टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) बंद आहे. सुट्या टाकीच्या झाकणावरचा व्हेंटचा स्क्रू उघडायचाच राहून जातो, भल्याभल्यांचा. बोटीत बसवलेल्या टाकीच्या व्हेंटमध्ये किडे घर करतात, नाहीतर व्हेंटच्या पाईपला झोळ पडून त्यात पेट्रोल साचतं.

तिथे काही सापडलं नाही, तर स्वतःचा पाईप आणि बल्ब असलेली दुसरी टाकी थेट इंजिनाला जोडा आणि तितक्याच वेगाने पळवा. नीट चाललं तर दोष बोटीच्या टाकीत किंवा पाईपमध्ये. तरीही दम सोडला तर इंजिनावरचा छोटा फिल्टर आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) बघा. निम्मी शोधाशोध इथेच संपते. मी ही चाचणी सगळ्यात शेवटी केली, त्याची शिक्षा खाली सांगतो.

बल्बही बरंच काही सांगतो. एकाने बोट चालवायची, दुसऱ्याने इंजिन अडखळताना बल्ब चाचपायचा. आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा टाकी आणि बल्बच्या मध्ये: व्हेंट, टाकीतल्या नळीची जाळी, अँटी-सायफन व्हॉल्व्ह. टणक असूनही इंजिन उपाशी, तर अडथळा बल्बच्या पुढे. आणि कितीही दाबला तरी टणकच होत नसेल, तर एकतर बल्बमधली झडप गेली किंवा लाईन हवा घेतेय. हवा घेणारा जोड अनेकदा ठिबकत नाही, म्हणून नजरेतून सुटतो. पंपाच्या अलीकडे पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक पाईपचा तुकडा तात्पुरता लावा, बुडबुडे लगेच दिसतात.

अँटी-सायफन व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंग आणि गोळी. पाईप तुटला तर टाकी बोटीत रिकामी होऊ नये म्हणून तो असतो. अडकला तर बदला, कायमचा काढून टाकू नका.

आता माझी गोष्ट. पाईप बाहेरून नव्यासारखा होता. हवा मारली, आरपार गेली, म्हणून मी तो निर्दोष ठरवला आणि दोन महिने पंप-कार्ब्युरेटरमागे घालवले. शेवटी दुसऱ्या टाकीची चाचणी केली आणि मग पाईप उभा चिरला. आतलं अस्तर सालीसारखं सुटून लोंबत होतं. आतून हवा मारली की ते भिंतीला चिकटायचं, पंपाने जोरात ओढलं की उचलून वाट बंद करायचं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या पाईपचं असं होतं.

व्हॅक्यूम गेज (ओढ मोजायचं मीटर) मिळालं तर पंपात पेट्रोल येतं त्या तोंडाशी लावून पूर्ण थ्रॉटलला वाचा. बऱ्याच आउटबोर्डना साधारण 2 ते 4 इंच पाऱ्यापेक्षा जास्त ओढ चालत नाही. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला धरा. वॉटर सेपरेटरमधलं (पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं) पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. पाईप सोडणं-जोडणं आणि पेट्रोल ओतणं मात्र उघड्यावर, इंजिन गार असताना आणि बॅटरी तोडून.

दोष सापडेपर्यंत, चाचणीपुरतं सोडून, पूर्ण थ्रॉटलवर ताणू नका. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापतो, आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक असेल तर तेलही तेवढंच कमी पोचतं. बल्ब चपटा होतो की टणक राहतो, तेवढं बघून कळवा.