वाचकांचे प्रश्न : आतड्यातले जिवाणू ओळखताना

प्रश्न : अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीच्या नमुन्यांतून डीएनए काढून १६एस जनुकाच्या (जिवाणू ओळखायला वापरतात ते) व्ही१–व्ही२ या बदलत्या भागाचे सीक्वेन्सिंग केले. बायफिडोबॅक्टेरियम जवळपास आलेच नाहीत, आणि एका ओळीत ‘एशेरिकिया-शिगेला’ असे जोडनाव दिसते. काय चुकले असेल?

उत्तर : आधी प्रायमर (डीएनएच्या प्रती जिथून सुरू होतात तो छोटा तुकडा) पाहा. व्ही१–व्ही२साठी २७एफ वापरला असेल तर त्याची प्रचलित आवृत्ती बायफिडोबॅक्टेरियमच्या डीएनएशी तीन अक्षरांत जुळत नाही, आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पायरीत) हा जिवाणू मागे पडतो. त्या जागांवर दोनपैकी कोणतेही अक्षर चालेल असा सुधारित २७एफ मागवा. नाहीतर सरळ त्याच जनुकाचा व्ही३–व्ही४ भाग घ्या (प्रायमर ३४१एफ व ८०५आर, तुकडा साधारण ४६० बेसचा).

दुसरा संशय डीएनए काढण्यावर. बायफिडोबॅक्टेरियमसारख्या ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंची जाड भिंत नुसत्या बफर आणि प्रोटिनेज-के (प्रथिने तोडणारे एन्झाइम) यांना दाद देत नाही. ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स मात्र चटकन फुटतात आणि अहवालात फुगलेले दिसतात. सुमारे २०० मिलिग्रॅम नमुना ०.१ मिमीच्या झिरकोनिया मण्यांसह बीड-बीटरमध्ये (मण्यांनी पेशी फोडणारे यंत्र) एकेक मिनिट तीनदा फिरवा, मधल्या वेळात ट्यूब बर्फात. एवढे करून पीसीआर लागली नाही तर डीएनए कमी पडला असे लगेच समजू नका. शीतली पित्तलवणे पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात; डीएनए दहापट पातळ केला की जेलवर पट्टी बऱ्याचदा उमटते. पीसीआरच्या सायकल २५च्या आसपासच ठेवा, वाढवल्या की दोन जिवाणूंचे तुकडे जुळून काइमेरा (खोटे मिश्र तुकडे) होतात. नमुना न घातलेली एक ट्यूब पहिल्या पायरीपासून सोबत न्या, म्हणजे बाहेरून आलेला डीएनए कळेल. नवजात बाळाच्या पहिल्या काळ्या शीत जिवाणू इतके थोडे, की किटमधलाच डीएनए वाचला जायचा! (सिझेरियन झालेल्या किंवा अँटिबायोटिक घेतलेल्या बाळांत बायफिडो खरोखरच कमी असू शकतात, तीही नोंद हवी.)

जोडनाव ही चूक नव्हे. या दोघांचे १६एस जवळपास सारखेच असते. शिगेलाची शंका असेल तर शिगेलात असणाऱ्या आयपीए-एच जनुकाची पीसीआर करा. पण आतड्याच्या पेशींत शिरणाऱ्या ई. कोलायमध्येही तो असतो.

प्रश्न : प्रोबायोटिक कॅप्सूलमधल्या वसाहतीचे १६एस ‘केसी’ आणि ‘पॅराकेसी’ या लॅक्टोबॅसिलस गटातल्या दोन्ही प्रजातींशी ९९ टक्क्यांवर जुळते. नाव कोणते लिहू?

उत्तर : ब्लास्टमधले (डीएनएची जुळणी शोधणारे ऑनलाइन साधन) पहिले नाव उचलू नका. १६एसचे पूर्ण १५०० बेस वाचूनही हा गट नीट सुटत नाही. त्याऐवजी फी-एस हे दुसरे जनुक वाचा, त्यात या प्रजाती अधिक वेगळ्या दिसतात. संपूर्ण जीनोम परवडत असेल तर त्या प्रजातीच्या प्रमाण-वाणाच्या (टाइप स्ट्रेन) जीनोमशी सरासरी साम्य काढा. ९५–९६ टक्क्यांच्या वर गेले तर तीच प्रजाती.